मदत हवी आहे: कम्युनिटी रेडिओवर गाणी लावायची तर रॉयल्टी कुणाला, किती, आणि आमच्यासारख्यांनी पण द्यायची का?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यात एका शिक्षणसंस्थेचं छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे. शंभर वॅटचं, मध्ये डोंगर आला की पलीकडच्या गावात नुसती खरखर. पगारी माणसं मोजकी, बाकी कॉलेजची पोरं आणि माझ्यासारखे हौशी. मी संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम आणि त्यानंतरची फर्माईश बघते.

तर झालंय असं की एका म्युझिक कंपनीचं पत्र आलंय, आमची गाणी वाजवताय तर परवाना दाखवा नाहीतर मागचे पैसे भरा. आकडा इथे लिहीत नाही पण तो वाचून आमचे अकाउंटंट काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग मीटिंग झाली आणि त्यात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते आपण त्यांच्या गाण्यांची फुकट जाहिरात करतो, उलट त्यांनीच आपल्याला पैसे द्यावेत. मला हे अजिबात पटत नाही, लोक गाण्यासाठी रेडिओ लावतात आणि त्याच गाण्याच्या आगेमागे आपण बियाणंवाल्याची जाहिरात विकतो, मग गाणं तेवढं फुकट कसं काय? दुसरी पार्टी म्हणते झंझट नको, गाणीच बंद करा. त्यांना माहीत नाही की बायका फोन गाण्यासाठी करतात आणि मग हळूच रेशनचं, पाण्याचं, सासूचं सगळं बोलतात, निम्मे विषय मला तिथूनच मिळतात.

पण मोठ्या शहरातल्या एफएमला आणि आम्हाला एकच माप लावायचं हेही बरोबर वाटत नाही. आम्हाला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरात करता येते (२०२४ च्या आधी तर ७ च होती), सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदाला ७४ रुपये, आणि ती जाहिरात यायला तर पाहिजे ना. १२ मिनिटं भरल्याचं मी तरी कधी बघितलं नाहीये.

तर कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज, कायद्याने आम्हाला द्यावेच लागतात का, एका ठिकाणी भरले की झालं की चार दारं फिरायची, जुनी गाणी आणि अभंग चालतात का, आणि आमच्याच स्टुडिओत गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलंय त्याचं काय. शिवाय पोरांनी आता ॲपवर पण लाइव्ह सुरू केलंय. वकिलाकडे जायचंच आहे पण जाताना निदान प्रश्न तरी नीट घेऊन जावं म्हणून हा धागा.

काळा_कोट
ताई, द्यावे लागतात. ना-नफा आहे, समाजसेवा आहे म्हणून रेडिओला सरसकट माफी आपल्या कायद्यात नाही. पण घाबरू पण नका, कारण कंपनी 'देतच नाही जा' असंही म्हणू शकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात कलम ३१ डी आलं, त्यानुसार प्रसिद्ध झालेलं गाणं कुठल्याही प्रसारण संस्थेला आगाऊ नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून वाजवता येतं. नोटीस मालकाला आणि कॉपीराइट रजिस्ट्रारला, निदान पाच दिवस आधी. गाण्यात परवानगीशिवाय बदल करायचे नाहीत (वेळेसाठी लहान केलं तर चालतं), हिशोब ठेवायचा, आणि लेखक-संगीतकार व मुख्य कलाकारांची नावं प्रसारणात सांगायची.

आता दर. २५ ऑगस्ट २०१० ला कॉपीराइट बोर्डाने खासगी एफएमसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला होता, म्हणजे समजा वर्षाला ४ लाखांच्या जाहिराती तर सगळ्या कंपन्यांना मिळून ८ हजार, ज्याची जितकी गाणी वाजली त्या प्रमाणात वाटून. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२० ला संपली. मग डिसेंबर २०२० च्या शेवटच्या दिवशी, कॉपीराइट बोर्डाचं काम ज्याच्याकडे गेलं होतं त्या बौद्धिक संपदा अपील बोर्डाने टक्केवारी सोडून गाणी प्रत्यक्ष किती तास वाजली त्यावर, म्हणजे निडल अवरवर दर लावले. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ते बोर्डच सरकारने बंद केलं. लहान स्टेशनला टक्केवारी सोयीची, तासाचा हिशोब मारक, कारण तास सगळ्यांचे सारखेच असतात, कमाई नसते.

त्यामुळे माझा सल्ला: पत्राला उत्तर द्या, गप्प बसू नका. जाहिरात उत्पन्नाचा ताळेबंद जोडा आणि वर्षाची ठोक रक्कम मागा.

चहा_बिस्किट
फुकट जाहिरातवाल्या ट्रस्टींना सांगा की मग पुढच्या वर्षी संस्थेची फी पण माफ करा, मुलं बाहेर जाऊन कॉलेजची जाहिरातच करतात की.

स्पूल_टेप
चार दारांबद्दल. दारं खरंच वेगवेगळी आहेत. एक रेकॉर्डिंगचा मालक, म्हणजे म्युझिक कंपनी, आणि सगळ्या कंपन्या एका छत्रीखाली नाहीत, त्यामुळे आधी तुमच्या कॉम्प्युटरवर कुणाची किती गाणी आहेत ती यादी काढा. दुसरं दार गीतकार-संगीतकारांचं, ते आयपीआरएस ही संस्था बघते. आधी रेडिओवाले म्हणायचे कंपनीला दिले की संपलं. पण २०१२ च्या दुरुस्तीने (जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी फार लावून धरलं) गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा केला की तो कंपनीला लिहून देताच येत नाही. आणि एप्रिल २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने आयपीआरएसच्या केसमध्ये सांगितलं की रेडिओवर गाणं वाजलं की यांचेही पैसे लागू.

जुन्या गाण्यांचं म्हणाल तर रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, पण शब्द आणि चाल यांचा हक्क माणूस गेल्यावर ६० वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात आहेत, तबकडी कितीही जुनी असो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्याला विसाव्या शतकात कुणी चाल लावली असेल तर वर सांगितलेल्या मुदतीपर्यंत चाल त्याची आणि रेकॉर्डिंग कंपनीचं.

न्यू_जर्सीकर
इथली गंमत सांगतो. अमेरिकेत साधा हवेतला रेडिओ गीतकार-संगीतकाराला पैसे देतो पण गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला एक पैसा नाही, तेच गाणं इंटरनेटवर लावलं की मात्र द्यावे लागतात. ते बदलायला २०२१ पासून काँग्रेसमध्ये (म्हणजे इथल्या संसदेत) अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्ट नावाचं बिल आणलं जातंय. विरोधात रेडिओवाल्यांचं म्हणणं शब्दशः तुमच्या ट्रस्टींचंच, आम्ही फुकट प्रसिद्धी देतो. पण त्या बिलात लहानांचा विचार आहे, वर्षाला १५ लाख डॉलरच्या आत कमाई असलेल्या छोट्या स्टेशनला ५०० डॉलर, कॉलेज वगैरे अव्यावसायिक स्टेशनला १००, आणि १ लाखाच्या आत असेल तर फक्त १० डॉलर वर्षाला. असं काही आपल्याकडच्या कम्युनिटी रेडिओवाल्यांनी एकत्र येऊन मंत्रालयाकडे का मागू नये?

काळा_कोट
@न्यू_जर्सीकर हे लाख मोलाचं बोललात. एकेकट्याने भांडून काही होत नाही.

ताई, ॲपचं राहिलं. ते तात्पुरतं थांबवा किंवा गाण्याच्या वेळी तिथे फक्त बोलणं ठेवा. मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये टिप्स (म्युझिक कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं ॲप) केसमध्ये सांगितलंय की ३१ डी रेडिओ आणि टीव्हीपुरतं आहे, इंटरनेटला नाही, २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच ठेवलं. म्हणजे ॲपवर कंपनी सरळ नाही म्हणू शकते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तर मीटिंगमध्ये दोन तास बसून पण कळलं नव्हतं. ॲपवरची गाणी आजच बंद करायला सांगितली, पोरं फुगलीत पण ठीक आहे. नावं सांगायचं वाचून बरं वाटलं, आकाशवाणीचे निवेदक गीत कुणाचं, संगीत कुणाचं हे सांगितल्याशिवाय गाणं लावायचे नाहीत, आमची पोरं मात्र 'तर ऐकूया हे धमाल गाणं' म्हणून मोकळी.

भजनी मंडळाचं कुणी सांगितलं नाही अजून. आम्ही फक्त तोंडी विचारलं होतं आणि बुवा म्हणाले लावा की.

स्पूल_टेप
कागद करा. रेकॉर्डिंग तुम्ही केलं म्हणून त्या रेकॉर्डिंगचे मालक तुम्ही, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून हक्क कायद्यात वेगळा आहे आणि चाल बुवांनी स्वतः बांधली असेल तर ती त्यांची. साध्या मराठीत एक पान, कुठे कुठे आणि किती वर्षं लावणार ते, खाली पेटीवाला-पखवाजवाला धरून सगळ्यांच्या सह्या. आणि त्यांना पण काहीतरी मानधन द्या हो, कंपनीला देणार आणि गावच्या बुवांना चहावर भागवणार हे बरं दिसत नाही. चाल सिनेमाच्या गाण्यावरून उचललेली नाही ना तेवढं आधी विचारून घ्या.

धागाकर्ती
अर्ध्या चाली सिनेमाच्याच आहेत. उद्या बुवांकडे जाते, कुठल्या कुठल्या ते लिहून आणते आणि इथेच टाकते.