जन्मापासून शाकाहारी, तरी वजन आणि साखर दोन्ही वाढतंय. ताटातलं प्रमाण कसं बदलू?

जाईजुई
नमस्कार मंडळी. वय ४४, उंची १५६ सेंमी, वजन ७४ किलो. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलंय. थायरॉइडची गोळी चालू आहे, साखरेची अजून नाही. दूध पचत नाही, म्हणून दूध, दही, पनीर सगळं बंद.

सध्याचं खाणं: सकाळी पोहे किंवा उपमा. दुपारी तीन पोळ्या, एक वाटी भाजी (आठवड्यातून तीनदा तरी बटाटा), पातळ आमटी आणि भात. पाच वाजता चहाबरोबर खारी किंवा टोस्ट. रात्री पुन्हा दुपारसारखंच. गुरुवारी आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. घरात चार माणसं, महिन्याला पाच लिटर तेल लागतं.

उपाशी राहायचं नाहीये, घरचंच जेवून वजन उतरवायचंय. भाकरी किती, उसळ किती, तेल किती, हे नेमकं सांगाल का? कडधान्यं वाढवली की पोट फुगतं, त्यावरही काही सुचवा.

आहारवही
जाईजुई, तुम्ही लिहिलेल्या दिवसात पोहे, पोळी, भात, टोस्ट हे सगळं धान्यच आहे. भाजी दिवसाला दोन वाट्या, त्यातही बटाटा. डाळ पातळ. शाकाहारी म्हणून चूक काहीच नाही, पण ताट उलटं मांडलेलं आहे. भाजी आणि उसळ हे जेवण, भाकरी त्याच्या जोडीला, असं ते फिरवायला हवं.

आधी तेल, कारण तिथे हिशेब सरळ आहे. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, सुमारे ३४० कॅलरी. घराला दोन लिटर आणलंत तर माणशी १५ ग्रॅम पडतं, १३५ कॅलरी. म्हणजे एक घासही कमी न करता रोज दोनशे कॅलरी वाचल्या. महिन्याच्या सुरुवातीला दोन लिटर वेगळं काढून ठेवा आणि फोडणीला बरणी वाकवू नका, चमचा वापरा. डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेलं तेल हमखास दुप्पट पडतं.

आता दिवसाचं प्रमाण. सगळी वजनं कच्च्या, कोरड्या मालाची आहेत.

सकाळी ४० ग्रॅम मूग भिजवून वाटून दोन धिरडी, मिळून एक छोटा चमचा तेल, आणि एक पेरू. दुपारी आधी काकडी, गाजर, मुळा, कोबी यांपैकी काहीही १५० ग्रॅम कच्चं. मग दीड वाटी उसळ (४५ ग्रॅम कडधान्य), निवडलेल्या दोनशे-अडीचशे ग्रॅम पाल्याची भाजी आणि ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी. पाचला २५ ग्रॅम फुटाणे आणि एखादं फळ. रात्री ४० ग्रॅम डाळीची घट्ट आमटी किंवा तेवढ्याच बेसनाचं पिठलं, दोडका, दुधी, वांगं, गवार, भेंडी यांतली एखादी भाजी २०० ग्रॅम, आणि एक भाकरी. जेवताना जवस नि तिळाची कोरडी चटणी, दिवसभरात मिळून २० ग्रॅम.

हे सगळं चौदाशे कॅलरींच्या आसपास बसतं. तुमच्या वय-उंची-वजनाला बैठ्या कामात साडेअठराशेच्या जवळपास लागतात, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर उतरायला हरकत नाही. प्रथिनं पंचावन्न ग्रॅमच्या आसपास येतात. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली तर तुम्हाला ६१ हवीत. ती तूट भरायला आठवड्यातून चार-पाच दिवस भाजीत २० ग्रॅम सोयावड्या टाका, त्यातून दहा ग्रॅम मिळतात. कोमट पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर उग्र वास राहतो.

एक आठवडा वजनकाटा ओट्यावरच ठेवा. पन्नास ग्रॅम पीठ म्हणजे केवढा गोळा हे एकदा हाताला कळलं की पुढे काटा लागत नाही. भाकरी ज्वारीची, बाजरीची, नाचणीची, कोणतीही चालेल. कॅलरींत फार फरक नाही. मात्र दूध बंद आहे तर नाचणी आठवड्यातून तीनदा तरी हवीच: ५० ग्रॅम पिठात पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

सूर्यफूल
माझ्या मते तेल पूर्णच बंद करावं. फोडणी पाण्यावर देता येते. शेंगदाणे, खोबरं, तीळ हेसुद्धा वजन उतरेपर्यंत नकोत.

आहारवही
सूर्यफूल, पाण्यावर कांदा परतायला हरकत नाही. पण गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांतलं कॅरोटीन शरीरात शोषलं जायला ताटात थोडी चरबी असावी लागते. ती तेलातूनच यावी असं नाही. म्हणूनच तेल कमी केलं की तीळ, जवस, दाणे थोडे ठेवायचे. त्यांच्याबरोबर प्रथिनं, तंतू आणि खनिजंही येतात, तेलात ती नसतात. जवसात ओमेगा-३ चं रोपट्यातलं रूप आहे, आणि मासे न खाणाऱ्याला ते हवंच.

बंधन प्रमाणाचं पाळा. मूठभर म्हणून घेतलेले दाणे चाळीस ग्रॅम भरतात आणि सव्वादोनशे कॅलरी होतात. ओलं खोबरंही तसंच. कोकणी-गोव्याकडच्या घरांत वाटपाला अर्धा नारळ सहज जातो, तिथे तो पाव करून उरलेला दाटपणा वाटलेल्या मसूरडाळीने आणता येतो. आणि जवस भाजून कुटूनच खा. अख्खा दाणा तसाच पोटातून बाहेर पडतो. कूट आठवड्यापुरतंच करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, जुनं झालं की खवट होतं.

पाटावरवंटा
पोट फुगण्याबद्दल. कडधान्यांतल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला जातात आणि वायू होतो. उपाय तीन: भिजवलेलं पाणी टाकून देणं, मोड आणणं, आणि मात्रा हळूहळू चढवणं. पहिला आठवडा दिवसाला अर्धी वाटीच, तीही मूगडाळ नि मसूर. दुसऱ्या आठवड्यात मोडाचे मूग आणि मटकी. चवळी, हुलगे तिसऱ्यात. वाल, राजमा, छोले सगळ्यात शेवटी. एकदम दीड वाटीवर उडी मारली की चौथ्या दिवशी माणूस कंटाळून पोळीवर परत येतो.

मटकीची नेमकी रीत: ४५ ग्रॅम मटकी दोन-तीन पाण्यांनी धुऊन आठ तास भिजवा. पाणी पूर्ण निथळू द्या, हे फार महत्त्वाचं. ओलसर पंचात सैल बांधून चाळणीत ठेवा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत वीस-चोवीस लागतात, तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या डब्यात ठेवून गॅसजवळ उबेला ठेवायची. मोड पाव इंच झाले की पुरे. मटकी बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलेलं नव्हतं असं समजा आणि ती टाकून द्या. कच्चे मोड खाण्याचा आग्रह नको. ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात, म्हणून पाच-सात मिनिटं वाफ द्यावीच.

मटकीला कुकर लावू नका, लगदा होतो. एक चमचा तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, कांदा. मटकी परतून ती जेमतेम भिजेल इतकं गरम पाणी, आणि झाकणावर पाणी ठेवून आठ-दहा मिनिटं. दाणा बोटाने दाबला की चेपला पाहिजे, फुटता कामा नये. मग मीठ आणि गोडा मसाला. आमसूल, चिंच, टोमॅटो काहीही आंबट घालायचं ते दाणा शिजल्यावरच. आधी घातलं तर तो दडदडीत राहतो आणि न शिजलेलं कडधान्य पोटाला सगळ्यात जड. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, म्हणजे क जीवनसत्त्व टिकतं आणि उसळीतलं लोह अंगी लागतं. बोअरवेलच्या जड पाण्यात वेळ जास्त लागतो, शक्य असेल तर गाळलेलं पाणी वापरा.

राजमा मात्र कधीही अर्धाकच्चा खाऊ नका. भिजवलेलं पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळला पाहिजे, कुकरमध्ये तर उत्तमच. मंद आचेवर तासन् तास ठेवलेला राजमा मऊ दिसतो, पण त्यातला विषारी घटक पूर्ण जात नाही. उलट्या-जुलाब होतात.

कृष्णाकाठ
वरचं सगळं चांगलं आहे, पण औषधांचं आणि तपासण्यांचं कुणी लिहिलं नाही, ते लिहिते.

बी१२ जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाचं मिळत नाही. आंबवलेलं पीठ, इडली, स्पिरुलिना, न धुतलेल्या भाज्या, यांतल्या कशावरही विसंबू नका. दूधही बंद आहे म्हणजे तुमचा तो शेवटचा मार्गही बंद झालेला आहे. आधी रक्त तपासा, मग गोळी सुरू करा. उलट केलंत तर खरा आकडा कळत नाही. पातळी ठीक असेल तर आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम पुरतात. एवढी मोठी मात्रा अशासाठी, की एका वेळी नेहमीच्या वाटेने जेमतेम दोन मायक्रोग्रॅम शोषले जातात, बाकीच्यातले शेकड्याला एखाद-दुसरेच. पातळी कमी असेल तर किती आणि इंजेक्शन की गोळी हे डॉक्टर ठरवतील. पालेभाज्यांमुळे फोलेट (ब गटातलंच एक जीवनसत्त्व) भरपूर जातं, त्याने बी१२ च्या कमतरतेचा रक्तातला दोष झाकला जाऊ शकतो पण नसांची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर थांबू नका. पुढे कधी साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाली तर ही तपासणी नियमित करा, त्या गोळीने बी१२ घटतं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नंतर अर्धा ते एक तास पाण्याशिवाय काही नाही. सोया, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. म्हणून सोयावड्या न्याहारीला नकोत, दुपारी किंवा रात्री. खाणं एवढं बदलल्यावर दोनेक महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा पाहा. मीठ आयोडिनचंच ठेवा. सैंधवाकडे वळलेल्या घरांत हे विसरलं जातं, आणि दूधही नसेल तर आयोडिनचा दुसरा मोठा स्रोत उरत नाही.

चहा-कॉफी जेवणानंतर तासभराने. लगेच घेतलेल्या चहाने पालेभाजी-उसळीतलं लोह वाया जातं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

कॅल्शियमसाठी पालक, चाकवत, माठ यांच्यावर भिस्त नको, त्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे ते फारसं शोषलं जात नाही. मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला बरे. सोयादूध घेणार असाल तर कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं घ्या आणि खोका चांगला हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं.

साखरेची काही औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी, आणि मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असलेल्यांनी वरचं ताट डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. पहिल्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते, मूत्रपिंडवाल्यांना एवढं पोटॅशियम झेपत नाही, आणि वॉरफेरिनवाल्यांना पालेभाजी अचानक वाढवलेली चालत नाही.

लक्ष्य किती, तर आधी ५ किलो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत शरीराच्या ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट दिलं होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्या वजनाचे ७ टक्के म्हणजे पाच किलोच. भारतीय बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंमी आहे, टेप दर पंधरा दिवसांनी लावा. एचबीए१सी तीन महिन्यांनी.

जाईजुई
खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका राहिल्या. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घेतला तर वजन लवकर उतरतं असं बऱ्याच जणी सांगतात, घेऊ का? आणि उपासाचं काय करू?

पाटावरवंटा
जाईजुई ताई, दुधीचा रस नको. रसाने वजन उतरत नाही, चोथ्यात असलेले तंतू तेवढे फेकले जातात. शिवाय दुधी कधीकधी कडू निघतो, आणि त्या कडू रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. भाजीसाठी चिरतानाही आधी एक चकती जिभेला लावून पाहा. जरा जरी कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. शिजवून, साखर-मीठ घालून ते विष जात नाही.

उपासाला ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, एक बटाटा आणि तीन चमचे तूप-तेल एवढ्यात सहाशेच्या जवळपास कॅलरी होतात. साबुदाणा निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावापुरतीही नाहीत, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते. त्याऐवजी ४० ग्रॅम भगर आणि २० ग्रॅम दाण्यांची आमटी करा, एक चमचा तेल धरून तीनशेत बसते. सोबत काकडीची कोशिंबीर, दह्याऐवजी लिंबू. किंवा उकडलेलं रताळं नि राजगिऱ्याची भाजी. भगर सुटी आणि जुनी घेऊ नका. ओल धरली की बुरशी येते आणि उपासाच्या दिवसांत भगरीने विषबाधा होते ती त्यामुळेच. पीठ दळून साठवू तर नकाच, लागेल तेवढी भगर घरीच निवडून, धुऊन त्याच दिवशी संपवा.

आहारवही
एक राहिलं. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येईल, त्यातलं बरंचसं पाणी असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो थबकला तर भाकरी कमी करू नका, आधी तेलाचं भांडं पाहा. महिन्याच्या पंधरा तारखेला एक लिटर शिल्लक आहे का?