वडिलांच्या डेबिट कार्डाच्या सुरक्षिततेबाबत सल्ला हवा आहे (डिचोली)

आबोली, डिचोली

नमस्कार. माझ्या वडिलांचे निवृत्तिवेतन ज्या बचत खात्यात जमा होते, त्याच खात्याला त्यांच्या मुदत ठेवी जोडलेल्या आहेत, जहाजावर नोकरीला असलेला माझा भाऊ घरखर्चासाठी पाठवतो ते पैसेही तिथेच येतात, आणि त्याच खात्याचे डेबिट कार्ड खिशात घालून वडील बाजाराला जातात. आजवर याची कधी काळजी वाटली नव्हती. परंतु अलीकडे आमच्या शेजारच्या काकांना एटीएममध्ये एका अनोळखी तरुणाने "काका, कार्ड उलटे घातले आहे, द्या, मी दाखवतो," असे म्हणून मदत केली. घरी येऊन पाकीट उघडले तर आतले कार्ड त्याच बँकेचे आणि त्याच रंगाचे होते, पण त्यावर नाव भलत्याच बाईचे होते. तोपर्यंत दुसऱ्या एटीएममधून पैसे निघालेले होते आणि एका दुकानात खरेदीही झालेली होती.

वडिलांचे कार्ड काढून घेणे मला योग्य वाटत नाही, कारण स्वतःचे व्यवहार स्वतः करण्यात त्यांना समाधान आहे. त्यांचे स्वातंत्र्य राखून पैसे सुरक्षित कसे ठेवावेत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शाखाधिकारी, फोंडा

ताई, वडिलांचे कार्ड काढून न घेण्याचा आपला विचार मला फार पटला. शेजारच्या काकांबाबत घडली ती कार्डाची अदलाबदल होय. तिला कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही. पिन दाबताना बोटे दिसली आणि क्षणभर कार्ड हाती आले की चोराचे काम होते. म्हणून एटीएममध्ये कार्ड दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही, पिन दाबताना दुसरा हात वर आडवा धरायचा आणि बाहेर पडण्यापूर्वी कार्डावरचे नाव वाचायचे, एवढे वडिलांना जरूर सांगा.

मात्र केवळ सूचनांवर विसंबू नका. नोकरीत असताना माझ्यासमोर रडवेल्या चेहऱ्याने बसलेल्या कितीतरी ग्राहकांना "ओटीपी कुणाला सांगू नये" हे वाक्य तोंडपाठ होते. माणूस फसतो तो अज्ञानापेक्षा घाईने आणि भीतीने. तेव्हा वडील एखाद्या दिवशी फसलेच तरी नुकसान थोडेच व्हावे, अशी खात्याची रचना आधीच करून ठेवणे हा माझ्या मते खरा उपाय आहे.

त्यासाठी वडिलांच्या नावे दुसरे एक साधे बचत खाते उघडा आणि बाजारहाटाचे कार्ड त्या खात्याचे ठेवा. निवृत्तिवेतनाच्या खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम तिकडे आपोआप वळती होईल, अशी स्थायी सूचना बँकेत देता येते. मूळ खात्याचे कार्ड बंद करून टाकले तरी चालेल. त्या खात्याला "स्वीप" सुविधा जोडलेली आहे का, हेही शाखेत जाऊन विचारा. ती असल्यास शिल्लक कमी पडताच मुदत ठेव आपोआप मोडून पैसे खात्यात येतात. घरच्या अडचणीला हे सोयीचे असते, पण चोराच्याही तितकेच सोयीचे ठरते. तसेच नेटबँकिंग चालू असेल तर ठेवीवर ऑनलाइन कर्ज उचलण्याची सोय बऱ्याच बँका देतात; ठेव जागच्या जागी दिसत असते आणि तिच्यावर कर्ज काढून पैसे पळवलेले असतात. वडील नेटबँकिंग वापरत नसतील तर ते बंद करावे, असा लेखी अर्ज द्या.

यानंतर कार्डावरील चालू-बंद सोयीकडे वळा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, जे ऑक्टोबर 2020 पासून प्रत्यक्षात लागू झाले, नवे कार्ड हाती येते तेव्हा ते फक्त देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रापुरते चालू असते. ऑनलाइन, परदेशी आणि कार्ड यंत्रात न घालता, नुसते जवळ धरून होणारे व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करायचे असतात, आणि प्रत्येक प्रकारची मर्यादाही त्याला ठरवता येते. जुन्या कार्डांवर मात्र काय चालू आहे हे एकदा तपासून पाहावेच लागते. परदेशी व्यवहार तर आजच बंद करा, कारण अनेक परदेशी संकेतस्थळे ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे त्यांना पुरतात. असे केवळ यंत्राजवळ धरून, पिनशिवाय 5,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार जानेवारी 2021 पासून होऊ शकतो. वडिलांना त्याची गरज नसेल तर तेही बंद असू द्या. एटीएमची दैनंदिन मर्यादा त्यांच्या नेहमीच्या गरजेइतकी खाली आणा. शेजारच्या काकांची मर्यादा लहान असती तर त्या दिवशीचे नुकसानही लहानच राहिले असते.

मोरजीकर

आमचे किनाऱ्याजवळ छोटे अतिथिगृह आहे आणि कार्डाचे यंत्र आम्ही रोज हाताळतो, म्हणून यंत्राच्या या बाजूने थोडे लिहितो.

आपल्याकडे पेट्रोल पंपावर आणि हॉटेलात ग्राहक कार्ड देऊन टाकतात व चक्क मोठ्याने पिनचे आकडे सांगतात, हे मी वारंवार पाहतो आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ होतो. वेटरला यंत्र टेबलापाशी आणायला सांगण्यात काहीही गैर नाही. आजची यंत्रे बिनतारी असतात, त्यामुळे कार्ड गल्ल्यापर्यंत नेण्याचे कारणच उरलेले नाही. पडद्यावरील रक्कम वाचल्याशिवाय पिन दाबू नये, आणि व्यवहार "अयशस्वी" झाला असे सांगून कुणी दुसऱ्यांदा कार्ड मागितले तर आधी मोबाइलवरील संदेश पाहावा व अयशस्वी व्यवहाराची पावती मागून घ्यावी. पर्यटन हंगामात गर्दी असते, कामगार नवे असतात, आणि प्रामाणिक दुकानदाराकडूनही रक्कम दोनदा कापली जाऊ शकते.

मागचे तीन आकडे लपवण्यासाठी काहीजण कार्डावर कागदाची पट्टी चिकटवतात. एटीएममध्ये जाणाऱ्या कार्डावर तसे करू नये, ते आत अडकू शकते.

आबोली, डिचोली

दोघांचेही मनापासून आभार. दुसरे खाते उघडण्याबाबत वडिलांशी बोलले, ते तयार आहेत. आता दोन शंका आहेत. वडिलांचे नवे खाते जवळच्या सहकारी बँकेत उघडावे, असे आम्ही म्हणतो. कार्डावरून परस्पर पैसे गेले तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांचे संरक्षण असते, असे ऐकले आहे. तिथेही ते मिळते का? आणि दुसरे म्हणजे, एखाद्या फोनला भुलून वडिलांनी स्वतःच ओटीपी सांगितला तर सारे संपले, असे समजायचे का? मध्यंतरी त्यांच्या व्हॉट्सॲपवर "लग्नपत्रिका" म्हणून एक फाइल आली होती. सुदैवाने उघडण्यापूर्वी त्यांनी मला दाखवली.

निवृत्त शाखाधिकारी, फोंडा

वडिलांनी फाइल आपल्याला दाखवली, हे फार चांगले केले. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी "एपीके" अशी अक्षरे असतील तर ती पत्रिका नसते, ते एक ॲप असते. ते मोबाइलमध्ये बसवून परवानगी दिली की आलेले संदेश, म्हणजेच ओटीपी, परस्पर चोराकडे जातात; कुणाला काही सांगण्याचीही गरज उरत नाही. वाहतूक चलन, वीजबिलाची थकबाकी, केवायसी अशा नावांनीही हीच फाइल फिरते. "आज रात्री वीज तोडली जाईल" असा संदेश आला तर त्यातील क्रमांकाला फोन न करता आपल्या भागातील वीज खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. बँकेचा क्रमांकही इंटरनेटवर शोधू नका, कारण तिथे खोटे क्रमांक पेरलेले असतात. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो. बँकांनी आपली संकेतस्थळे आता "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर न्यावीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्यामुळे पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय वडिलांना लावता आली तर उत्तम.

आता आपल्या शंका. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी वेगळे परिपत्रक काढले. म्हणजे सहकारी बँकेच्या ग्राहकालाही हे संरक्षण आहे. त्यानुसार दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, असा प्रकार असेल तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास पूर्ण रक्कम परत मिळते. चार ते सात दिवसांत कळवल्यास सर्वसाधारण बचत खातेदारावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा भार येतो, प्राथमिक बचत खात्यावर (ज्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही) 5,000 रुपयांचा; त्यानंतर मात्र बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. संदेश मिळाल्याचा दिवस यात धरला जात नाही आणि दिवस मोजायचे ते आपल्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे, त्यामुळे चवथीच्या सुट्टीत प्रकार घडला तरी मुदत हातची जात नाही. पण कळवण्यासाठी सुट्टी संपण्याची वाट पाहू नका, ही सोय चोवीस तास चालू ठेवणे बँकेला बंधनकारक आहे.

ओटीपी स्वतः सांगितला असेल तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा मानला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते. परंतु कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची असते. म्हणून सारे संपले असे समजून गप्प बसणे, हीच यात सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे. चोर एकाच व्यवहारावर थांबत नाही. पहिला साधला की लगोलग दुसरा करतो. वयस्क माणसे मुलांच्या रागावण्याला भिऊन रात्रभर गोष्ट मनात ठेवतात आणि सकाळी खाते रिकामे होते, हे मी पाहिलेले आहे. ताई, वडिलांना आजच सांगून ठेवा की असे काही घडले तर घरात कुणीही त्यांना एका शब्दाने बोलणार नाही, त्यांनी फक्त त्याच क्षणी सांगावे. आणि तसे खरोखरच वागा.

म्हादईकाठ, सत्तरी

वरील सल्ल्यात एका गोष्टीची भर घालतो. माझ्या मामांच्या कार्डावरून पैसे गेले तेव्हा ते तडक शाखेत गेले, तिथल्या कर्मचाऱ्याने "बघतो" असे सांगितले आणि मामा विश्वासाने परत आले. पुढे वाद झाला तेव्हा त्यांनी मुदतीत कळवले होते, याचा कोणताही पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हा शाखेत गेलात तरी तोंडी सांगून परतू नका. तक्रार क्रमांक मागा, अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तक्रारीची पोच क्रमांकासह देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच आहे.

क्रमाने सांगायचे तर आधी ॲपवरून किंवा कार्डामागच्या क्रमांकावरून कार्ड बंद करावे आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. तिथे नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले आहेत त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम पुढे सरकण्यापूर्वी सापडली तर ती रोखून धरली जाते. इथे एकेक मिनिट मोलाचे असते. व्यवहाराचा संदेश पुसू नका, त्यातील संदर्भ क्रमांक तिथे विचारतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आपल्याकडे गोव्यात रायबंदरला सायबर गुन्हे पोलीस ठाणे आहे आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यावर तात्पुरती जमा दाखवायची असते आणि 90 दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

आबोली, डिचोली

म्हादईकाठ, तुमच्या मामांबद्दल वाचून वाईट वाटले; ही भर फार मोलाची आहे. शेजारच्या काकांनाही हे सर्व वाचून दाखवले, ते आज मुलाबरोबर लेखी तक्रार द्यायला गेले आहेत. शेवटचा प्रश्न भावाबद्दल. तो बंदरावर उतरला की कार्ड वापरतो, त्यामुळे त्याला परदेशी व्यवहार बंद ठेवता येणार नाहीत. त्याने डेबिट कार्डाऐवजी क्रेडिट कार्ड वापरावे का?

निवृत्त शाखाधिकारी, फोंडा

होय, खरेदीसाठी क्रेडिट कार्ड बरे. डेबिट कार्डावर चोरी झाली तर आपले पैसे आधी जातात आणि मग आपण ते मागत बसतो. क्रेडिट कार्डावर बिल भरण्याच्या तारखेपूर्वीच त्या व्यवहारावर लेखी हरकत घेता येते. कार्डाची मर्यादा मात्र त्याने गरजेपुरतीच ठेवावी, कारण पाच लाखांहून अधिक मर्यादेच्या कार्डावर वर सांगितलेला 10,000 चा भार 25,000 रुपयांपर्यंत जातो. ग्राहकाच्या संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही, तेव्हा तशी विचारणा आली तर नकार द्यायला त्याने संकोचू नये. क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढू नये. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

परदेशी व्यवहार त्याने कायम चालू ठेवण्याची गरज नाही. किनाऱ्यावर उतरताना ॲपमधून चालू करावेत आणि जहाजावर परतताना बंद करावेत. समुद्रावर असताना त्याचा भारतीय क्रमांक लागत नसेल तर बँकेचे संदेश ईमेलवरही येतील, अशी नोंद निघण्यापूर्वी करून घ्यावी, आणि ते ईमेल घरात कुणीतरी रोज पाहावेत. त्याच्या संमतीने ते काम आपणच करू शकाल.