ज्या रक्तात कॅन्सर, त्यातल्याच पेशी काऊन वाढवतात?

दारव्हेकर_७: माह्या लहान भावाले, वय १९, बी-सेलचा ब्लड कॅन्सर आहे. किमोनं बरा झाला होता पण पोळ्याच्या आधी रिपोर्ट परत खराब आला. आता डॉक्टर म्हणते का त्याच्याच रक्तातल्या पेशी काढून लॅबमध्ये वाढवून परत देऊ, कार-टी म्हणते त्याले. आई विचारते का बिमारी रक्तातच आहे तर तेच रक्त काऊन वाढवाचं? मले सांगता नाही आलं. कोणाले माहीत असन तर सांगा.

लॅबवाली_वर्धा: दादा, आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे. बी आणि टी या दोन्ही पांढऱ्या पेशीच, पण कॅन्सर झालाय बी-पेशींना (बी-सेल) आणि काढतात त्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार. मशीनमधून रक्त फिरवून पांढऱ्या पेशी तेवढ्या वेगळ्या करतात, बाकी रक्त परत अंगात जातं, काही तास लागतात. मग लॅबमध्ये टी-पेशींना आधी जागं करतात आणि निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमार्फत त्यांच्यात एक नवा जीन टाकतात, आपल्या बीटी कपाशीत बाहेरचा जीन टाकलाय ना तसंच समजा. त्यामुळे बी-पेशीवरची सीडी१९ ही खूण त्यांना ओळखू येते आणि परत अंगात गेल्यावर त्या बी-पेशींना मारतात. नंतर ३७ डिग्रीला पोषक पाण्यात वाढवतात. मी टी-पेशी वाढवल्यात, जाग्या झाल्या की मायक्रोस्कोपखाली द्राक्षाच्या घडासारखे गुच्छ दिसतात, आणि आमचं गुलाबी पाणी पिवळं पडायला लागलं की समजायचं पेशींना नवीन पाणी हवंय. वाढ, तपासण्या सगळं धरून तीन-चार आठवडे धरा.

पुसदचा_पुतण्या: आमच्या काकांचं कार-टी झालं, लिम्फोमा म्हणजे लसीका गाठीचा कॅन्सर होता. पहिल्या दवाखान्यात किमोवर किमो देत रायले, पेशी काढाच्या वेळी चांगल्या टी-पेशी कमीच निघाल्या, दुसऱ्यांदा काढा लागल्या. म्हणून सांगतो, पुढची किमो द्याच्या आधी पेशी कवा काढाच्या ते विचारा, स्टिरॉइड चालू असन तर तेही सांगा, पण मनानं बंद करू नका. पेशी चढवल्यावर काकांले जोरात ताप आला, बीपी उतरलं, त्याचं औषध असते पण तेवढे दिवस दवाखान्यातच रायाचं. आयआयटी मुंबई अन् टाटा मेमोरियलनं मिळून बनवलेली नेक्सकार१९ ही कार-टी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, ३०-४० लाखाच्या घरात सांगते, म्हणून समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा.

दारव्हेकर_७: ताई, आईले दोनदा वाचून दाखवलं, समजलं तिले. दादा, त्याले स्टिरॉइडची गोळी चालूच आहे, सोमवारी डॉक्टरले पहिले तेच विचारतो.