‘तटस्थता’ आणि ‘निःपक्षपातीपणा’ : एकच की दोन?

पाणवठा :
एका मदतसंस्थेच्या स्वयंसेवकांसाठी असलेल्या पुस्तिकेचे भाषांतर मी करीत आहे. रेडक्रॉस चळवळीने १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे स्वीकारलेल्या सात मूलतत्त्वांवर तिच्यात एक प्रकरण आहे. त्यांतल्या ‘इम्पार्शियालिटी’ला मी ‘निःपक्षपातीपणा’ आणि लगेच पुढे येणाऱ्या ‘न्यूट्रॅलिटी’ला ‘तटस्थता’ म्हटले. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी दुसऱ्या शब्दावर काट मारून समासात ‘द्विरुक्ती’ असे लिहिले. माझ्या मते ही द्विरुक्ती नाही. पहिले तत्त्व जखमींविषयी आहे : माणूस कोणत्या देशाचा, धर्माचा वा मताचा हे न पाहता ज्याची गरज सर्वांत निकडीची, त्याला आधी मदत करायची. दुसरे लढणाऱ्यांविषयी आहे : कोणाची बाजू घ्यायची नाही आणि राजकीय, वांशिक वा धार्मिक वादात पडायचे नाही, तेही सर्वांचा विश्वास टिकावा एवढ्यासाठी. हा भेद या दोन शब्दांतून वाचकाला कळतो का?

जुनी वही :
भेद कळतो, पण ‘तटस्थ’ हा शब्द मला इथे खटकतो. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘थिजलेला’ असाच होता, तार आली की ती वाचणारा कागद हातात धरून उंबऱ्यातच उभा राही, आणि आजी म्हणे, “तो तटस्थच झाला.” तट म्हणजे काठ. माणूस बुडत असताना जो काठावर उभा राहतो तो तटस्थ, आणि मदतीला धावणाऱ्याला तेच विशेषण लावणे अन्यायाचे आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘उदासीन’ आणि ‘मध्यस्थ’ हे शब्द एकाच ओळीत शेजारी येतात. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार कोणाचाच पक्ष न घेणारा तो उदासीन आणि भांडणाऱ्या दोघांचेही हित चिंतणारा तो मध्यस्थ. मदतसंस्था या अर्थाने मध्यस्थ आहे.

तिरपी रेघ :
आज ‘मध्यस्थ’ म्हटले की तडजोड घडवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि ‘उदासीन’ म्हटले की खिन्न. शब्दाचा अर्थ तो वापरणारे ठरवतात, भाष्यकार नव्हे. ‘अलिप्त’ही इथे चालणार नाही, कारण १९६१ च्या बेलग्रेड परिषदेपासून एकत्र आलेली अलिप्त राष्ट्रे वसाहतवादावर उघडपणे मत मांडत होती.

मात्राभेद :
‘निःपक्षपाती’ हे रूपच अशुद्ध आहे, हे कोणीच कसे सांगितले नाही? निष्पाप, निष्फळ, निष्काम यांप्रमाणे ‘निष्पक्षपाती’ असे हवे.

तिरपी रेघ :
संधीचा नियम मान्य आहे, पण दोन पिढ्या ‘निःपक्षपाती’ हेच रूप वाचत आल्या आहेत. रुळलेल्या शब्दाला पुन्हा व्याकरणाच्या दारात उभे करू नये.

मोरपीस :
विसर्ग बाजूला ठेवू या, कारण मूळ प्रश्न महत्त्वाचा आहे. या संस्थांना तटस्थ असणे पुरत नाही, तसे दिसावेही लागते. १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेच्या बिल्ल्यावर उत्तर ध्रुवावरून पाहिलेल्या पृथ्वीचा नकाशा होता आणि त्यात उत्तर अमेरिकेला ठळक जागा मिळत होती. म्हणून पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे चिन्ह ठरवताना तो नकाशा फिरवण्यात आला. रेडक्रॉस चळवळीच्या क्रॉस आणि चंद्रकोर या दोन्ही चिन्हांत लोकांना धर्म दिसू लागला, तेव्हा २००५ मध्ये लाल स्फटिकाचे तिसरे चिन्ह मान्य झाले. एवढा खटाटोप करणारा माणूस थिजलेला कसा म्हणावा?
शिवाय १९६१ मध्ये, तटस्थ देश असतात पण तटस्थ माणसे नसतात, असे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह म्हणाले होते. त्यावर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हॅमरशोल्ड यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, माणसाला स्वतःची मते असणारच, तरीही तो तटस्थ कृती करू शकतो, कारण तो सचोटीचा प्रश्न आहे. म्हणून हे विशेषण माणसाला न लावता कृतीला लावावे आणि ‘तटस्थ आचरण’ असे लिहावे.

जुनी वही :
मुद्दा मोलाचा आहे, तरी माझी शंका फिटत नाही. नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात रेडक्रॉसबरोबर काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना रेडक्रॉसचे तिथले मौन सहन झाले नाही आणि १९७१ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ उभी करणाऱ्यांत ते होते. काठावरची ती शांतता ‘तटस्थ’ या शब्दात आहेच.

मोरपीस :
पण त्याच संस्थेने आपल्या सनदेत तटस्थता आणि निःपक्षपातीपणा हे दोन्ही शब्द ठेवले आहेत, आणि ती उघडपणे बोलतेही. तेव्हा मौन हा त्या शब्दाचा अर्थ नसून तो पाळण्याची एक रीत आहे.

पाणवठा :
‘तटस्थ आचरण’ मला पटते, पण बाकीची तत्त्वे एकेका शब्दाची असताना हे एकच जोडशब्दाचे झाले, तर बाई पुन्हा काट मारतील. एका शब्दात काही सुचते का?

मात्राभेद :
सुचेल ते सुचेल, पण शेजारच्या तत्त्वाचे शीर्षक कृपया ‘निष्पक्षपातीपणा’ असे करा.