मदत हवी आहे: सहा माणसांच्या पोळी-भाजी केंद्रात मालक कसं व्हावं?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. आईने घरच्या ओट्यावर सुरू केलं आणि तिच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यावर चार वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात घातलं. माणसं सहा: पोळ्या लाटणाऱ्या तीन मावशी, भाजीचा आचारी, काउंटरवरचा पोरगा आणि डबे पोचवणारा एक. सातवा मी. माझं काम नेमकं काय, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

अडचण अशी की, मी मालक आहे हे मी सोडून कुणी मनावर घेतलेलं नाही. सकाळी साडेसहाला यायचं ठरलंय, येतात सव्वासातला. महिन्याला प्रत्येकी तीन-चार खाडे ठरलेले. जास्त बोलावं तर मागच्याच गल्लीतल्या केंद्रात पाचशे रुपये जास्त देऊन घ्यायला टपलेत.

काय काय करून झालंय तेही लिहितो, म्हणजे तेच सल्ले परत यायला नकोत.

मोबाइलवर एका गुरूंचा व्हिडिओ पाहून रोज सकाळी दहा मिनिटांची मीटिंग सुरू केली. पहिल्याच दिवशी म्हणालो, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." आचाऱ्याने तिथल्या तिथे मेहुणीच्या लग्नासाठी वीस हजारांची उचल मागितली. म्हणाला, "घरच्यांपाशी नाही मागायचं तर कुणापाशी?" मीटिंग बंद. उचल अजून फिटतेय.

मग 'महिन्याचा उत्तम कर्मचारी'. थोरल्या मावशींचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला. दसऱ्याला काउंटरवरच्या पोराने देवांच्या फोटोंना हार घातले, त्यात यांनाही घातला. संध्याकाळी त्यांची सून डबा न्यायला आली आणि दारातच मटकन खाली बसली. मावशी आत कणीक मळत होत्या. पुढचे तीन दिवस आल्या नाहीत आणि ते खाडे लावायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर पगार नगावर करून पाहिला, म्हणजे पोळीमागे पैसे. वेग दीडपट झाला! मी खूश. आठवड्याने आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त इंजिनियर, पिशवीतून पट्टी काढून काउंटरवर पोळी मोजू लागले. "गेल्या महिन्यात साडेसात इंच. आज सहा. अधिक महिन्यात पुऱ्या होणार का?" परत महिन्याच्या पगारावर आलो.

शेवटी पुणेकराचं अंतिम शस्त्र काढलं. पाटी लावली: 'उशिरा येणाऱ्याने कारण सांगू नये. आम्हाला पाठ आहे.' दुसऱ्या दिवशी खाली मार्करने भर पडली होती: 'पगार उशिरा देणाऱ्यानेही.' अक्षर कुणाचं ते कळलंय, पण तो पोरगा सोडला तर गल्ल्याचा हिशोब कुणाला जुळत नाही.

आता खरी घाई अशी की, काउंटरवाला आणि डबेवाला दोघेही ढोल पथकात आहेत. संध्याकाळी सहा वाजले की नदीपात्रात सराव. गणपतीचे दहा दिवस माझ्याकडे उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी आणि हे दोघे कमरेला ढोल बांधून गावभर. काय करू?

प्रतिसाद १
पगार किती तारखेला करता?

धागाकर्ता
विषय काय, विचारता काय! हातात पैसे आले की करतो. सात ते पंधराच्या दरम्यान.

प्रतिसाद २
मार्करवाल्याला मॅनेजर करा आणि तुम्ही ढोल पथकात जा.

प्रतिसाद ३
कोथरूडमध्ये नेमकं कुठे? पोळी आता किती इंचांची आहे?

प्रतिसाद ४
माझं नारायण पेठेत बाइंडिंगचं दुकान आहे, नऊ माणसं. तुमचं सगळं वाचून हसलो, पण त्यातली निम्मी माती मीही खाल्ली आहे म्हणून लिहितो.

ढोलाचं आधी. ढोलवाल्याला विसर्जनाच्या दिवशी कामावर बोलावणं म्हणजे नवरदेवाला स्वतःच्या लग्नात वाढपी करणं. मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. त्यानंतरचा दिवस तो झोपणार, हेही धरा. मी जुलैतच पोरांकडून पथकाच्या तारखा लिहून घेतो आणि त्या दिवसांसाठी बदली माणूस त्यांनीच आणायचा असं ठरवतो. कुणाचा तरी चुलतभाऊ येतोच. मोदकांच्या ऑर्डरी पहिल्या पाच दिवसांपुरत्याच घ्या आणि गिऱ्हाइकांनी घरी न्यायला यायचं, हे ऑर्डर घेतानाच सांगा.

सुट्ट्यांचं लेखी असू द्या. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा राज्याचा कायदा आहे. त्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. जादा कामाला दुप्पट दर. तुमच्या सहा माणसांना हे कलम लागत नाही, पण माप म्हणून चांगलं आहे. त्या चार सुट्ट्या त्यांनाच निवडू द्या. माझ्याकडे त्यावर दोन दिवस भांडण झालं. पण स्वतः भांडून मिळवलेल्या सुट्टीला जोडून कुणी दांडी मारत नाही.

उचलीची वही दोघांच्या सहीची ठेवा. 'बघू' हा शब्द उचलीच्या बाबतीत उच्चारू नका. समोरचा तो 'हो' असाच ऐकतो.

आणि पहिल्या प्रतिसादाला उत्तर देताना तुम्ही जरा वळसा घातलात. वेतन संहिता, २०१९ म्हणते की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. पंधरा तारखेला पगार करणाऱ्या माणसाने सव्वासातला येणाऱ्यांना पाटी लावायची?

धागाकर्ता
लागलं. पण माझीही बाजू ऐका. निम्मे डबे एका ऑफिसात जातात. ते बिल दोन-दोन महिने अडवतात, म्हणून पगार उशिरा. पगार उशिरा म्हणून माणसं उशिरा. माणसं उशिरा म्हणून डबे उशिरा. आणि डबे उशिरा म्हणून ऑफिस बिलातून पैसे कापतं.

प्रतिसाद ५
उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आजच करा. ऑनलाइन होते, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. पुढे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. शिवाय आयकराच्या नियमानुसार मुदत टळली की ऑफिसला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी वजावटीत धरता येतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि त्यांच्या अकाउंट्सवाल्याला गोड आवाजात मार्चची, म्हणजे आर्थिक वर्ष संपण्याची, आठवण करून द्या. भांडायची गरज पडत नाही, असा माझा अनुभव.

प्रतिसाद ३
इंच सांगितले नाहीत अजून.

धागाकर्ता (अपडेट)
सात इंच. आता झोपा.

नोंदणी झाली. बिलावर क्रमांक छापला. ऑफिसने एक थकीत बिल चुकतं केलं, दुसऱ्याला 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले. उरलेल्या पैशांसाठी एक आवर्त ठेव मोडली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी एक तारखेला सकाळी देवापुढे पाकिटं ठेवायचे. त्या दिवशी सगळ्या सहालाच यायच्या." हे चार वर्षांपूर्वी का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, "तू मीटिंग घेत होतास."

तर काल एक तारीख. साडेसहाला शटर उघडून पाकिटं घेऊन बसलो. सव्वासातला मंडळी आली, नेहमीसारखी. थोरल्या मावशींनी नोटा मोजल्या, परत मोजल्या, पाकीट कमरेला खोचलं आणि हळूच विचारलं, "दादा, दुकान विकताय का?"

आज सगळे सहा वाजून वीस मिनिटांनी हजर होते. नवा मालक कोण ते बघायला.