‘दीवार’मधला विजय आणि हाजी मस्तान: खरं किती, पडद्यावरचं किती?

गोदीकाठ (प्रश्न):
‘दीवार’ हा सिनेमा मुंबईतला तस्कर हाजी मस्तान याच्यावर बेतलाय, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मला दोन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. मस्तानच्या आयुष्यातलं सिनेमात काय आलं आणि काय बाहेरचं आहे? आणि सोन्याची तस्करी प्रत्यक्षात चालायची कशी? पडद्यावर गोदाम आणि मारामारी दिसते, धंदा दिसत नाही. दुबईचं सोनं झवेरी बाजारात पोचायचं कसं आणि त्यात एवढा नफा का होता?

जुनापडदा:
मस्तानचा अंश आहे तो मुख्यतः सुरुवातीच्या भागात. मूळचा रामनाथपुरम जिल्ह्यातल्या पनईकुळमचा हा माणूस मुंबईत गोदीत हमाली करून वर आला. सिनेमातला नायक विजयही गोदीतला हमाल, आणि तिथूनच तस्करांच्या टोळीत शिरलेला. गोदीतल्या हप्तेखोराला भिडल्याची कथा मस्तानबद्दलही सांगितली जाते.

बाकीचं घर दुसरीकडून आलंय. एक भाऊ गुन्हेगार आणि एक पोलीस ही मांडणी ‘गंगा जमना’ची (१९६१), आई ‘मदर इंडिया’ची (१९५७). हे ऋण ‘दीवार’चे लेखक सलीम-जावेद यांनी स्वतः मान्य केलेलं आहे. शेवट तर पूर्ण वेगळा. विजय भावाच्या गोळीने देवळात मरतो. मस्तानने मात्र धंदा सोडला, १९८०च्या दशकात दलित नेते जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दलित-मुस्लिम राजकारणात उतरला आणि १९९४ साली हृदयविकाराने गेला.

तोळामासा:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यातून सुरू होतं. १९४७ नंतर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय सोनं आणता येत नव्हतं आणि ती परवानगी जवळपास मिळतच नसे. त्यावर जानेवारी १९६३मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं: नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत. १४ कॅरेट म्हणजे जेमतेम ५८ टक्के सोनं. मंगळसूत्र आणि पाटल्या असल्या सोन्यात करायला कोण तयार होणार? हजारो सोनारांचं काम गेलं, मागणी मात्र तशीच राहिली आणि चोरट्या मालाकडे वळली. १४ कॅरेटची अट १९६६मध्ये उठली, पण १९६८च्या कायद्याने बिस्किटं किंवा लगडी घरात ठेवणं गुन्हाच राहिलं. दुबईत मात्र सोन्याची खरेदी-विक्री उघड आणि कायदेशीर होती. मधल्या भावातला फरक हाच तस्कराचा नफा. माझ्या मते मस्तानला मोठा करण्यात त्याच्या धाडसापेक्षा या धोरणाचा वाटा जास्त आहे.

माल दहा तोळ्यांच्या बिस्किटांत यायचा. एकाचं वजन ११६.६४ ग्रॅम. कॅनव्हासच्या जाकिटाला बारीक खिसे शिवलेले असत. एका जाकिटात शंभर बिस्किटं, म्हणजे ११ किलो ६६४ ग्रॅम. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण एवढं वजन एक माणूस कपड्यांखाली अंगावर घालून चालू शकतो आणि जाकिटं मोजली की माल मोजला जातो. पण तोच माणूस उतरताना पाण्यात पडला तर वर येणं कठीण.

दुबईहून इंजिन बसवलेली गलबतं निघत. ती किनाऱ्याला लागत नसत. खोल समुद्रात थांबत आणि माल स्थानिक मच्छीमार होड्यांवर चढवला जाई. याला ‘लँडिंग’ म्हणत. अंधारी रात्र, भरतीची वेळ आणि आधीच ठरलेल्या खुणा, या तिन्हींचा मेळ बसावा लागे. भरती हुकली की होडी चिखलात रुतून उजाडेपर्यंत अडकलीच. पावसाळ्यात ही वाहतूक जवळपास बंद पडे, मासेमारीसारखीच.

मस्तानचा भागीदार सुकूर नारायण बखिया दमणचा, हाही योगायोग नाही. १९६१पर्यंत दमण आणि गोवा पोर्तुगीजांकडे होते. तिथे सोनं रीतसर उतरायचं आणि मग चोरवाटेने भारतात शिरायचं. सत्ता गेली तरी वाटा, होड्या आणि माणसं तीच राहिली.

गोदीकाठ:
पैसे परत दुबईला कसे जायचे? आणि पकडलेल्या बिस्किटांवरून खटला उभा राहायचा का?

तोळामासा:
पैशांच्या दोन वाटा. एक चांदी: ३० किलोच्या आसपासच्या लगडी त्याच होड्यांतून उलट्या दिशेने जायच्या. दुसरी हवाला: आखातात काम करणारा माणूस तिथे दिरहम देतो, रत्नागिरीत त्याच्या घरी रुपये पोचतात आणि त्या दिरहमांचं सोनं खरेदी होतं. सीमेपार रोकड न्यावीच लागत नाही.

कलम१२३:
खटल्याचं सांगतो. सीमाशुल्क कायदा १९६२चं कलम १२३ सोनं आणि घड्याळांसारख्या मालाबाबत पुराव्याचा भार उलटा करतं. माल तस्करीचा नाही हे ज्याच्याकडे तो सापडला त्यानेच सिद्ध करायचं. म्हणून परदेशी शिक्क्याचं बिस्कीट जवळ ठेवणं सर्वांत धोक्याचं. शहरात पोचताच ते वितळवायची घाई असे. एकदा दागिना झाला की माग संपला.

पण यात सापडायचा तो जाकीटवाला. वरचा माणूस मालाला हातही लावत नसे, त्यामुळे त्याच्यावर पुरावा उभा राहत नसे. म्हणून १९७४मध्ये कोफेपोसा हा तस्करीविरोधी कायदा आला. खटल्याशिवाय स्थानबद्धता, साधारणपणे एक वर्ष, काही प्रकरणांत दोन. ‘दीवार’ जानेवारी १९७५मध्ये लागला तेव्हा हा कायदा अगदी नवा होता. आणीबाणीत मस्तान, बखिया आणि दुसरा तस्कर युसुफ पटेल, सगळे आत होते. सुटल्यावर १९७७मध्ये यातल्या काहींनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर तस्करी सोडण्याची शपथ घेतली. बखियाला मात्र पुन्हा अटक झाली आणि १९८२मध्ये तो गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगातून पळाला.

धंद्याचा कणा मोडला तो कायदा बदलल्यावर. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला आणि १९९२पासून अनिवासी भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणता येऊ लागलं. भावातला फरक आटला. किनाऱ्यावरचं जाळं मात्र शिल्लक होतं, आणि १९९३च्या आरंभी रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला त्याच पद्धतीने मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली.