परवाना नको म्हणता, मग कारण तरी सांगाल का?

सदाशिवपेठी: कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कायदा म्हणजे परवानाराज, आणि ज्यांना संगणकातले काही कळत नाही तेच तो मागतात, असे काल बाणेरकरांनी येथे लिहिले. त्यातील उत्तरार्धामुळे हे लिहिणे भाग पडले. माझ्या भावाचा गृहकर्जाचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा शाखेत ‘सिस्टिमने नाकारला’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्या सिस्टिमला जाब कोठे विचारायचा, हे शाखाधिकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आलेला युरोपीय संघाचा कायदा माणसाची पत ठरवणाऱ्या प्रणालींना अतिजोखमीच्या गटात टाकतो व त्यांवर मानवी देखरेख मागतो. यात परवाना कोठे आला?

बाणेरकर: परवाना आपल्याकडेच आला होता. १ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने, पुरेशी चाचणी न झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांसाठी, म्हणजे मॉडेल्ससाठी, सरकारची पूर्वपरवानगी घ्या, असे सूचनापत्र काढले आणि ओरड होताच १५ मार्चला ती अट मागे घेतली. आमच्या जेमतेम दहा जणांच्या कंपनीने त्या काळात कोणाचे उंबरठे झिजवायचे होते? आपल्या लाडक्या युरोपाचे म्हणाल, तर अतिजोखमीच्या तरतुदी लांबणीवर टाकण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द युरोपीय आयोगानेच मांडला.

निवृत्त कॅशियर: संगणकापूर्वी बँकेत कारणे सांगितली जात, हा गोड गैरसमज आहे. मी आयुष्य काउंटरवर काढले. साहेबांना अर्जदाराचा चेहरा आवडला नाही, तर ‘कागद अपुरे’ असा शेरा पडे.

सदाशिवपेठी: साहेबांची तक्रार वरच्या कचेरीत तरी करता येई.

निवृत्त कॅशियर: करून पाहिली होती का कधी? तक्रार फिरून त्याच साहेबांच्या टेबलावर येई. शिवाय कर्ज नाकारण्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेची उचित व्यवहार संहिता कधीपासून सांगते आहे. आपल्या बंधूंनी ती लेखी मागितली का?

बाणेरकर: घ्या! म्हणजे नियम आहेच, नवा कायदा कशाला?

सदाशिवपेठी: नियम बँकेला आहे, पण ज्या विक्रेत्याने बँकेच्या गळ्यात असे यंत्र बांधले की ज्याला स्वतःच्या निर्णयाचे कारणच देता येत नाही, त्याला तो कोठे लागू होतो? बँक मग ‘धोरणात बसत नाही’ असे लिहून मोकळी होते. आपली कंपनी कारण देणारी प्रणाली विकते की न देणारी, तेवढे सांगा.

बाणेरकर: आम्ही कर्जाच्या प्रणाली विकत नाही. कर्ज आणि नोकरभरती यांपुरते विक्रेत्यालाही जबाबदार धरावे, हे नाइलाजाने मान्य करतो; मात्र त्यापलीकडे एकही अर्ज भरणार नाही. बंधूंना लेखी कारण मागायचे असेल, तर पत्राचा मसुदा पाठवतो. यंत्राकडूनच लिहून घेतलेला आहे, चालेल ना?